ठकीचं जुनं इंजिन

गेल्या वर्षी पोळ्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळी साडेदहा. श्रीगोंद्याकडच्या आमच्या साखर कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये भंगारवाल्याने ठकीची किंमत सांगितली. सहा टन, किलोला तीस रुपये, एकूण एक लाख ऐंशी हजार. हजर होते चेअरमन, भंगारवाला, स्टोअरकीपर म्हणून मी आणि निवृत्त झालेले, कोणीही न बोलावलेले दानिएल मिस्त्री. मिस्त्री जाऊन आज पाच आठवडे झाले. त्यांची आठवण काढायला बसलो की मला आधी तोच सोमवार दिसतो... पत्र्याच्या भोकांतून उतरलेल्या उन्हाच्या काड्या, त्यात तरंगणारी धूळ आणि ठकीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले मिस्त्री.

ठकी म्हणजे फडातून उसाच्या गाड्या ओढून आणणारी आमची छोटी डिझेल लोको. ट्रक आणि ट्रॅक्टर आले तसे तिचे रूळ उखडले गेले. शेडपासून फाटकापर्यंतचे चारशे मीटर तेवढे उरले. मिस्त्रींनी तिच्यावर छत्तीस वर्षं काढली होती. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते डोळे मिटत, आणि काय दुखतंय ते सांगत. बरोबर सांगत. आता तिच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला होता आणि तसा ब्लॉक कुठे मिळत नव्हता.

"इंजिन बदलून देतो, दादा," ते चेअरमनना म्हणाले. "मोळीच्या दिवशी आपल्या पायानं चालली न्हाई तर खुशाल काट्यावर घाला."

चेअरमन हसले. "मिस्त्री, आता तुमचंच इंजिन बदलायला झालंय."

"त्याचे पार्ट मिळत न्हाईत," मिस्त्री म्हणाले.

गळिताची पहिली मोळी पडेपर्यंत मुदत मिळाली. अपघातात मोडून आमच्याच आवारात पडलेल्या एका ट्रकचं इंजिन त्यांनी निवडलं. मापं घेणं माझ्याकडे होतं. लांबी, रुंदी, उंची, चारही पायांमधलं अंतर, सगळं मी तीन-तीनदा मोजलं. ते दिवस आठवले की ते खरेच होऊन गेले का, असं वाटतं. दुपारभर शेडमध्ये डिझेलचा वास, साखळीला टांगलेलं जुनं इंजिन हवेत हळूहळू फिरतंय, आणि खाली बसून मिस्त्री मिशनच्या शाळेत शिकलेलं एखादं भजन गुणगुणताहेत... सेहेचाळीस दिवस असेच गेले.

मोळीच्या दिवशी गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली आणि सगळी मंडळी शेडपुढे आली. भंगारवालाही आला होता. मिस्त्रींनी स्टार्टर मारला, दांडा पुढे ढकलला, आणि हार घातलेली ठकी सावकाश मागे निघाली. मंडळींकडे बघत बघत शेडच्या अंधारात शिरली. चूक माझ्या लक्षात आली. जुनं इंजिन डावीकडे फिरायचं, ट्रकचं उजवीकडे फिरतं, म्हणून चाकंही उलटी. मी सगळं मोजलं होतं, पण फिरण्याची दिशा टेपने मोजता येत नाही. आणि छत्तीस वर्षं हँडल मारलेल्या मिस्त्रींच्या हातांना ती इतकी ठाऊक होती की त्यांच्या डोक्यात कधी आलीच नाही.

आतून त्यांनी मला हाक दिली, "भाऊसाहेब, घाबरू नका. लई दिसांनी उठली, घरात काय राह्यलं का बघून येती."

मंडळी हसली. मग मिस्त्रींनी दांडा मागे ओढला आणि ठकी उजेडात आली, फाटकापर्यंत गेली. चेअरमन स्वतः चढून बसले. भंगारवाला चहा न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी मी दांड्याजवळची "पुढे" आणि "मागे" ही अक्षरं पुसून उलटी रंगवली.

मजुरीची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी पैसे नाकारले आणि जुनं इंजिन मागितलं. कारखान्याची वस्तू फुकट देता येत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, नियमाने द्या. उसाच्या काट्यावर ते अकराशे चाळीस किलो भरलं. तीसच्या दराने चौतीस हजार दोनशे. मजुरी, रोज सातशे, बत्तीस हजार दोनशे. वरचे दोन हजार त्यांनी खिशातून काढून मोजून दिले. मी पावती फाडली.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. अंगणात लिंबाखाली रुळाखालच्या दोन लाकडी स्लीपरवर इंजिन ठेवलेलं आहे, तेलाचा हात फिरवलेलं. चर्चहून आल्यावर मिस्त्री त्याचं हँडल अर्धा फेरा फिरवून ठेवायचे, जाम होऊ नये म्हणून. आता त्यांच्या पत्नी रूथबाई फिरवतात. त्यांनी बायबलमधून ती पावती काढली आणि माझ्यापुढे धरली.

"भाऊसाहेब, ह्याच्यात तुमी भंगार इंजिन लिवलंय. त्यांनी त्याला कवा भंगार म्हनलं न्हाई. तेवढा शब्द काढा."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी दिलेल्या पावतीत खाडाखोड केलेली नाही. कार्यालयाच्या प्रतीत तो शब्द तसाच राहणार, हेही मला कळत होतं. मी पेन काढलं, त्या शब्दावर एक रेघ ओढली आणि बाजूला सही केली. आता पावती अशी वाचता येते : इंजिन नग एक, वजन अकराशे चाळीस किलो, मजुरी वळती करून रोख रुपये दोन हजार फक्त, दानिएल साळवे यांच्याकडून कारखान्यास मिळाले.