त्यात आमची बाटली कंची?

मंडळी, जरा आइका.

आमी नवरा-बायकू मुळशी धरणात मासे धरतो. जाळं कुटं टाकलंय ते कळावं म्हणून त्याला रिकाम्या बाटल्या बांधतो. हल्ली वादळ कवाबी उठतं. आज सकाळी उठलं, तसे आमचे मालक होडी घेऊन जाळं काढायला धावले.

पण पिकनिकवाल्यांनी फेकलेल्या बाटल्या वाऱ्यानं धरणभर पसरल्या हुत्या. मालक एक बाटली उचलायचे, खाली जाळं न्हाई. मग दुसरी. होडीत पाणी शिरत हुतं.

"जाळं मरू द्या, माघारी फिरा!" मी काठावरनं वरडले.

"हीच आपली आसंल!" म्हणत ते आणखी आत गेले.

आले एकदाचे. जाळं तितंच ऱ्हायलं.

शनिवारी येणाऱ्यांनो, बाटली फेकायच्या आधी एवढंच सांगा, पुढच्या वादळात माझ्या माणसानं कंच्या बाटलीमागं जायचं?