सद्यस्थितीचा प्रबंध

ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात वाढलेल्या प्राप्तीने पीएच.डी.साठी विषय घेतला तो घरचाच: मासळी सुकवणाऱ्या बायकांची सद्यस्थिती. आईच दारासमोरच्या मैदानात जवळा सुकवायची, तेव्हा अभ्यास झटपट उरकेल असं तिला वाटलं. पण गाइड मॅडमना कसली घाई? त्यांनी आधी प्रकरणं उलटसुलट करायला लावली, मग संदर्भ वाढवायला लावले, मग त्या स्वतःच लेकीकडे कॅनडाला जाऊन राहिल्या. तोवर मैदानावर टॉवर उभा राहिला आणि आई घरी बसली.

शेवटी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले सर प्रबंध वाचून भारावले होते.

"एवढा जुना इतिहास खणून काढलात कुठून?"

"खणला कुठे, सर? मी नाव नोंदवलं तेव्हा आई जवळा पसरत होती. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर इतिहास झाला."