दोन नळ्यांचा रेग्युलेटर

माझे सासरे मोतीराम देवरे, आमचे नाना, यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा लिहिलं, 'जुने रेग्युलेटर हवे आहेत. बंद असले तरी चालतील.' संध्याकाळपर्यंत दारात पंख्याचे अकरा आणि गॅसचे चार रेग्युलेटर येऊन पडले. नानांना हवा होता पाणबुड्यांचा, टाकीतली हवा पाण्याखाली हवी तेवढीच तोंडात सोडणारा. नाशिक रोडला हे कुणाच्या डोक्यात येणार? नानांनी पंख्याचे सगळे दुरुस्त करून, गॅसचे तसेच, ज्याचे त्याला परत दिले आणि ग्रुपवर पुन्हा तीच ओळ टाकली. माघार त्यांना ठाऊक नाही.

ओझरच्या विमान कारखान्यात ते वैमानिकांच्या प्राणवायूची उपकरणं तपासायचे. तीस वर्षांपूर्वी मालेगावच्या जुन्या बाजारात त्यांना भंगारात पितळेची एक चपटी डबी दिसली. तिला दोन्ही बाजूंनी कुजलेल्या रबरी नळ्या होत्या आणि आत रबराचा पातळ पडदा. हे श्वासाचं यंत्र आहे, हे त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं. पहिले रेग्युलेटर असेच दोन नळ्यांचे असत. एकीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर, आणि बुडबुडे मानेमागून वर. पुढे एका नळीचे सुटसुटीत आले आणि हे अडगळीत गेले. नानांनी असे चौतीस जमवले. समुद्र मात्र त्यांनी अलिबागला गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिला, तोही पँट दुमडून.

मागच्या वर्षी मुंबईहून एक बडे संग्राहक आले. जुन्या पाणबुडी साहित्याचं प्रदर्शन भरवायचं होतं. मालेगावचा तो पहिला तुकडा त्यांनी हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. पण झाकण उघडताच पडला. आतला पडदा नवा होता, नानांनी स्वतः कापून बसवलेला. नळ्याही नव्या. तुम्ही वस्तूची वाट लावलीत, असं ते सरळ बोलले. मग हसून त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी बुडी मारलीय का?"

नाना नाही म्हणाले.

"मग हे चालतं, हे तुम्हाला कसं माहीत?"

चहा न घेता पाहुणे गेले. मला संताप आला, कारण चहा मी केला होता. नाना मात्र दोन दिवस जेवायलाही नीट बसले नाहीत. तीस वर्षांचं काम खरं की नुसता खेळ, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर घरात बसून मिळणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नामपूरला गोटीरामला फोन लावला. गोटीराम विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी बुडी मारून काढतो. टाकी देतो म्हणाला, पण नानांनी कमरेला दोर बांधायचा आणि तो स्वतः विहिरीत पाण्यालगत थांबणार, या अटीवर. आमच्या गावाकडच्या मळ्यातल्या विहिरीत तेव्हा दोन पुरुष पाणी होतं. नानांचं वय अडुसष्ट, त्यात शेवटचं पोहून चाळीस वर्षं झालेली. सासूबाई, भागुबाई, काठावरून म्हणाल्या, "डोकं फिरनं शे का तुमनं?" आणि दोर मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.

नाना पाण्याखाली गेले आणि मानेमागून बुडबुड्यांची माळ वर आली. माझ्या नवऱ्याने, हर्षलने, व्हिडिओ सुरू केला. चौथ्या मिनिटाला बुडबुडे थांबले. सासूबाईंनी देवाला आणि नवऱ्याला एकाच दमात शिव्या घातल्या आणि दोर ओढला. खालून एकच झटका आला, म्हणजे ठीक. नाना कपारीखाली शिरले होते. पलीकडून बुडबुडे पुन्हा दिसले, तेव्हा मी रडत होते, हे मी कबूल करते.

अकरा मिनिटांनी ते वर आले. मग गोटीरामने तोच रेग्युलेटर लावून बुडी मारली. वर येऊन म्हणाला, "नाना, बुडबुडा मांगे जातस. पुढे साफ दिसस."

व्हिडिओ मुंबईला गेला आणि आठवड्याने पाहुण्यांचा फोन आला. सूर एकदम गोड झाला होता. मधली जागा देतो, काचेची पेटी, खाली तुमचं नाव. फक्त जुना कुजका पडदा परत बसवा आणि यापुढे त्याला पाणी लावू नका. हर्षल खुणेने हो म्हणा, हो म्हणा करत होता. प्रदर्शनात नाव लागलं असतं, तर सोसायटीत नानांना कुणी पुन्हा वेडा म्हटलं नसतं.

"ते जमणार नाही," नाना म्हणाले.

पाहुण्यांनी विचारलं, निदान वस्तू बघायला तरी पुन्हा येऊ का?

"इथं नाही ती. गोटीरामला देऊन टाकली," नाना म्हणाले. "नामपूरला ड्यूटीवर आहे."