पळायला सोबत

स्कूटरवरच्या त्या दोघांनी मला काही केलं नाही. हे आधीच सांगते, कारण नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं. नेरूळला खाडीच्या बाजूने मोठा रस्ता होणार होता, तेव्हा तिथे नुसता मुरूम टाकलेला होता. सकाळी सहाच्या सुमारास मी त्यावरून पळत होते. मागून स्कूटर आली, पण पुढे गेली नाही. माझ्या वेगाने माझ्या मागे चांगली दहा मिनिटं चालत राहिली. मी थांबले की थांबायची. ते दोघं बोलत नव्हते, हसतही नव्हते. सारसोळे गावाच्या वळणावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या चार-पाच बायका समोरून आल्या, तेव्हा स्कूटर वळली आणि गेली.

त्या दिवशी मी नवऱ्याला पत्र लिहिलं. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. 'अहो नको, तू म्हण' असं लग्नानंतर त्यानेच सांगितलं होतं. पत्रात मला ते जमायचं, समोर आला की जीभ अडखळायची. स्कूटरचं मी लिहिलं नाही. 'सकाळी पळायला सोबत म्हणून एक कुत्रा घ्यावा म्हणते. कुठल्या जातीचा घेऊ, तुझ्या जहाजावर कुणाला माहीत असेल तर विचार,' एवढंच लिहिलं. पत्र कुठल्याशा बंदरातल्या एजंटच्या पत्त्यावर जायचं. जहाज तिथे लागलं तर त्याच्या हाती पडायचं. उत्तराला दीड-दोन महिने सहज लागायचे.

आमची सोसायटी नवी होती. सोळा फ्लॅटांतल्या सहांतच माणसं राहत होती, बाकीच्या दारांना कुलपं. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज मला दचकवायचा. साताऱ्याला कॉलेजात असताना मी क्रॉसकंट्री पळायचे, अजिंक्यताऱ्याचा चढ न थांबता चढायचे. इथे पुन्हा पळायला लागले ते काही तब्येतीसाठी नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुणाशी एक वाक्यही बोललो नाही, असे दिवस लागोपाठ यायला लागले होते. पळताना धाप लागली की निदान आपला श्वास तरी ऐकू येतो.

स्कूटर प्रकरणानंतर आठवडाभर मी घराबाहेर पळायला गेलेच नाही. मग वाशीला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. बाकावर माझ्या शेजारी एक बाई पांढरं पॉमेरियन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे कुत्रंबित्रं काही नाही हे पाहून डॉक्टर चमकले.

"पेशंट कुठाय?"

"अजून घ्यायचाय. मी रोज पाच-सहा किलोमीटर पळते. माझ्याबरोबर पळेल असा कुठला घ्यावा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. असं विचारायला कुणी येत नसावं. "लॅब्रेडॉर स्वभावाने गरीब, पण इथल्या दमट हवेत दोन किलोमीटरवर लोळण घेईल. डॉबरमॅन पळेल हो, पण तुम्हाला ओढत नेईल. घरी कोण कोण असतं?"

"मीच."

"मग अल्सेशियनचा विचार करा," ते म्हणाले. "पण आधी कुणाचा तरी पळवून बघा."

आमच्या मागच्या गल्लीत रो-हाउसमध्ये एक निवृत्त गृहस्थ राहायचे, त्यांच्याकडे अल्सेशियन होता. मी धीर करून फाटकाशी गेले. ते खूश झाले. "न्या की. मला आता त्याच्यामागे पळवत नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन निघाले. पहिला किलोमीटरभर तो इतका रुबाबात पळाला की समोरून येणारे दूधवाले बाजूला होत होते. मला वाटलं, झालं, हीच जात. बसस्टॉपपाशी तो थांबला आणि रस्त्याच्या मधोमध बसला. हाका मारल्या, ओढलं, चुचकारलं. तो जीभ बाहेर काढून घराच्या दिशेने बघत होता. शेवटी मीही त्याच्या शेजारी बसले. अर्धा तास आम्ही तसेच बसून होतो. त्याच्या अंगाची ऊब दंडाला लागत होती. खरं सांगायचं तर त्या महिन्यातला तोच माझा सगळ्यात बरा अर्धा तास.

तळमजल्यावर एक माथाडी कामगार कुटुंबासह राहायचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचं काम. मूळचे माण तालुक्यातले, म्हणजे माझ्याच जिल्ह्याचे. मी अल्सेशियनला परत आणताना त्यांनी पाहिलं असावं. संध्याकाळी नळावर भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, ते कुत्रं राखणीचं. पळायचं न्हवं."

"मग पळायचं कुठलं?"

"आमच्याकडं कारवानी असत्यात. धनगरांच्या वाड्यावर, शिकारीला. पोट पाठीला लागल्यालं, पाय ह्ये लांब. सशाला माळावर धरत्यात. माझ्या मेव्हण्याची कुत्री व्यालीय. पायजे तर सांगा."

"फ्लॅटमध्ये राहील?"

त्यांनी जरा विचार केला. "ऱ्हाईल. भुंकायचं न्हाई उगं. पर लाडाचं बी नसतंय ते. एकाच माणसाचं असतंय, आणि त्येच्या बी अंगचटीला येत न्हाई. बघा बाबा."

मी हो म्हणाले. नवऱ्याच्या पत्राची वाट बघायला हवी होती, पण पिल्लं वाटली जात होती.

पिल्लू फलटणहून कांद्याच्या ट्रकमधून आलं. आदल्या दिवशी माथाडीभाऊंनी सांगितलं होतं, त्याप्रमाणे मी सकाळी मार्केटात गेले. गाळ्यांपुढे गोण्यांच्या थप्प्या लागत होत्या, पायाखाली कांद्याची टरफलं कुरकुरत होती. डोक्याला फडकं बांधलेले माथाडीभाऊ गोणी उतरवून माझ्याकडे आले आणि ट्रकच्या केबिनमधून एक बारदान बाहेर काढलं. त्यात एक तांबूस, हाडकुळं पिल्लू होतं. मादी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आवडली न्हाई का तुमी तिला?" ड्रायव्हर हसून म्हणाला. मी तिला पदराखाली घेतलं. कांद्याचा वास तिच्या अंगाला आठ दिवस होता.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, "जात बाकी योग्य निवडलीत. पण वर्षभर पळवायचं नाही हां. हाडं कोवळी असतात." हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे पळायला सोबत आणली आणि तिच्यासाठी मीच पळणं सोडून चालायला लागले. रोज सकाळी तिच्या पावलांनी सोसायटीभोवती चार फेऱ्या. पिल्लू आठवडाभर घरात रुळल्यावर नवऱ्याचं पत्र आलं. 'चीफ ऑफिसरकडे घरी लॅब्रेडॉर आहे. तो म्हणतो, डोळे मिटून लॅब्रेडॉर घे. फार माया लावतो.'

तो सुट्टीवर आला तेव्हा ती आठ महिन्यांची, गुडघ्याच्या वर आलेली होती. त्याने बॅग ठेवली, खाली बसून तिला हाक मारली. ती पलंगाखाली गेली. पहिले दोन दिवस तो घरात असताना तिने बाहेर येऊन खाल्लं नाही. त्याने बिस्किटं आणली, चेंडू आणला. एका दुपारी तो जेवायच्या टेबलाशी बसून तिच्याकडे बघत होता.

"ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"तिला वेळ लागतो."

"किती?"

"तुमची... तुझी सुट्टी संपेपर्यंत लागेल बहुतेक," मी म्हणाले. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, हे नुसतं तिच्याबद्दल नव्हतं. त्याच्याही आलं. तो उठून गॅलरीत गेला. मी ताटं उचलली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने तिच्यासाठी बाजारातून चांगला चामड्याचा पट्टा आणला आणि माझ्या हातात दिला. स्वतः बांधायचा प्रयत्न केला नाही.

पावसाळा उलटून गेल्यावर, ती सव्वा वर्षाची झाल्यावर, मी पहिल्यांदा तिला पळायला नेलं. माझ्या बाजूने ती नुसती दुडकत होती, पावलांचा आवाजही न करता. मोकळी जागा आली तेव्हा मी तिला सोडलं. तिने अंग जमिनीसरशी केलं आणि गेली. इतक्या जवळून इतकं वेगवान काही मी पाहिलेलं नव्हतं. चारही पाय हवेत असायचे, मग पोटाखाली एकत्र यायचे, पुन्हा ताणायचे. एक मोठं वर्तुळ घेऊन ती परत माझ्याजवळ आली आणि पुन्हा दुडकायला लागली. मी थांबून रडले, कशासाठी ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आसपास कुणी नव्हतं. ती थोडी पुढे जाऊन पाठमोरी उभी राहिली, माझं आटपायची वाट बघत.

चार महिने असे गेले. स्कूटर पुन्हा दिसली नाही, किंवा दिसली तरी माझं लक्ष गेलं नसेल.

मग एका सकाळी खारफुटीतून कोल्हा निघाला. त्या भागात कोल्हे होते, संध्याकाळी त्यांची कोल्हेकुई ऐकू यायची. हा मुरमाच्या रस्त्यावरून निवांत आडवा जात होता. पट्टा माझ्या हाताला गुंडाळलेला होता, तरी तिचा हिसका मला गुडघ्यांवर पाडून गेला. कोल्हा झाडीत शिरला, पाठोपाठ ती. मी हाका मारत चिखलात पोटऱ्यांपर्यंत गेले. पुढे पाणी होतं.

दोन दिवस मी शोधलं. माथाडीभाऊही कामावरून आल्यावर माझ्याबरोबर फिरले. "कारवानी वास काडून घरी येतंय," ते सांगत राहिले, पण दुसऱ्या संध्याकाळी त्यांनीही ते म्हणायचं सोडलं. घरी आले की मी वाटीत पाणी भरून ठेवायची आणि सकाळी ते तसंच ओतून द्यायची.

तिसऱ्या दिवशी सारसोळ्यात विचारायला गेले. या गावावरून मी कितीतरी वेळा पळाले होते, आत पहिल्यांदाच शिरले. एका कौलारू घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुकटी निवडत बसली होती. मी विचारायच्या आधी तिनेच विचारलं.

"पातल, तांबरी कुतरी तुजी हाय का?"

मी मान हलवली.

"आत हाय. पायाला लागलंय तिच्या. कालवाच्या शिंपल्यानं कापला आसंल. मी हलद बांदलीय."

ती पडवीत पोत्यावर पडली होती. मागचा उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला. मला पाहून शेपटीचं टोक दोनदा हललं. मी तिच्याजवळ बसले. म्हातारीने पितळीत चहा आणून ठेवला.

"तू ती पलनारी ना? रोज बगतो आमी. बाया म्हनतात, हिच्या मागं कोन लागलंय?"

"कुणी नाही."

"बरां हाय मंग." ती पुन्हा सुकटी निवडायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुजी बिल्डिंग कंची? पान्याच्या टाकीच्या बाजूची?"

"हो."

"तिथं आमचा भात व्हता." एवढंच म्हणाली. त्यात राग नव्हता. तिचा मुलगा उरणला न्हावा शेवा बंदरात कामाला लागला होता, सुनेला घेऊन तिकडेच राहायचा. घरात आता ती एकटीच होती. हे तिने दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

डॉक्टरांनी टाके घातले. आतला स्नायू तुटला होता. जखम भरली, पण पाय टेकवताना तो शेवटपर्यंत वाकडाच पडला. "चालेल," ते म्हणाले, "पळणं विसरा." मी किती जणांना विचारून, किती दिवस घालवून पळणारी जात निवडली होती, ते त्यांना माहीत होतं. त्यामुळे जरा वेळाने ते उगाच माझ्याशी पावसाबद्दल बोलले.

नवऱ्याला लिहायला मला महिना लागला. लिहिलं तेव्हा स्कूटरचंही लिहिलं. त्याचं उत्तर नेहमीपेक्षा लवकर आलं. 'हे तेव्हाच का नाही सांगितलंस?' त्याने विचारलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मी तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा हवापाण्याचं लिहिलं आणि पत्र टाकलं.

मी पुन्हा एकटी पळायला लागले. सकाळी तिला हळूहळू चालवत सारसोळ्यापर्यंत न्यायची, म्हातारीच्या ओट्यावर बसवायची आणि पुढे पळायला जायची. भीती गेली नव्हती. मागे गाडीचा आवाज आला की पाठ आपोआप ताठ व्हायची. पण वळणावरच्या बायका आता पाट्या सावरत विचारायच्या, "आज लवकर?" आणि मी पळता पळता "हो" म्हणायची. दिवसाचं पहिलं वाक्य.

परतताना लांबूनच ओटा दिसायचा. म्हातारी आतबाहेर करत असायची. कुत्री उन्हाच्या पट्ट्यात आडवी, मान तेवढी वर. मी दिसले की ती क्षणभर माझ्याकडे बघायची, मीच आहे याची खात्री करून घ्यायची, आणि मान पुन्हा खाली ठेवायची. मी ओट्याच्या पायरीवर बसून बुटांतली वाळू झटकायची. चहा होईपर्यंत तिथे कुणीच फारसं बोलायचं नाही.