बुरशी आजारी पडली, पेढे घ्या

शत्रू आजारी पडला म्हणून पेढे वाटणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? माझ्या मामेभावाच्या सासऱ्यांनी वाटले आहेत. बुरशीचा इतका कट्टर वैरी आणि तिच्या तब्येतीची रोज इतक्या आस्थेने चौकशी करणारा दुसरा माणूस जव्हार-मोखाड्यात सापडणार नाही. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या सरांना एकच ध्यास आहे: जांभळाचं खोड पोखरून झाड वाळवणाऱ्या बुरशीला विषाणूची लागण करायची. लागण झाली की बुरशी मरगळते आणि झाड आपली जखम आपणच भरून काढतं. "युरोपात चेस्टनटच्या झाडांवर हे जमलंय. आपल्या जांभळावर जमेल का, ते जांभूळच सांगेल," असं ते म्हणतात.

दाभोशाच्या एका जांभळाची जखम आपोआप भरत होती. तिथली बुरशी आजारी असणार, अशा संशयाने सरांनी सालीचा कपटा आणून त्यावरची बुरशी बशीत घालून घरात वाढवली; घरात म्हणजे फ्रिजमध्ये, दह्याशेजारी. बशीतली बुरशी केशरी, टवटवीत दिसली की सरांचं जेवण जात नसे. एका सकाळी ती पांढरीफटक पडलेली दिसली आणि पेढे आले. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या मावशी, म्हणाल्या, "मला टायफॉइड झाला होता तेव्हा साधी मोसंबी आणली नव्हती यांनी."

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. लगेच मथळा सुचवला: 'घरोघरी विषाणू पोचवा!' सर घाबरून म्हणाले, "कॉम्रेड, हे छापलंस तर पाडेच्या पाडे रानात पळतील." पुढे त्यांनी सांगितलं, की बुरशीचे धागे एकमेकांत मिसळले तरच विषाणू पलीकडे जातो, आणि हे धागे कूळ जुळल्याशिवाय मिसळत नाहीत. मी उसळले, "म्हणजे बुरशीतसुद्धा जात?"

"भाषण नंतर. म्हणून तर मला बरी होणारी झाडं जास्त हवीत. एका झाडावरच्या बुरशीचं नाही जुळलं, तर दुसऱ्यावरचीचं जुळेल." तेव्हापासून सर वधूवरसूचक मंडळासारखे फिरतात. कुणाच्या बारशालाही गेले तरी आधी परसातली खोडं चाचपतात.

सूर्यमाळच्या एका पाड्यावर सोमीबाईचं जांभूळ वाळत चाललं होतं. दर उन्हाळ्यात ती त्याच झाडाच्या पाट्या भरून जव्हारच्या बाजारात बसते. मुलगा म्हणत होता, पार सुकायच्या आत लाकडासाठी विकून टाकू. सरांनी जखमेभोवती गिरमिटाने भोकं पाडली, त्यात बशीतली बुरशी भरली आणि वर चिकटपट्टी लावली.

"मास्तर, माझे झाडाला करोना नको हां देऊ."

"झाडाला नाय गो बाय, बुरशीला देतो."

"मंग मास्क झाडाला कशाला बांधलास?"

सर चिकटपट्टीच्या कडा दाबत राहिले. मुलगा मात्र हसला आणि म्हणाला, "बरा. पुढचे बहरापर्यंत ठेवतो. मंग नाय."

सूर्यमाळच्या जखमेची एक कड आता किंचित फुगली आहे. बाकीच्या बाजूंना बुरशी तशीच ठणठणीत आहे. तिथे सोयरीक जुळलेली नाही. नवी साल आणायला सर मला घेऊन दाभोशाला गेले, तर तिथे बुंधा उरला होता. रोगट म्हणून कुणीतरी झाड तोडलं होतं. रोगट दिसलं की तोडा, मग झाड असो की माणूस, हा आपल्याकडचा जुना न्याय! मी तिथेच तावातावाने बोलायला लागले. सर मात्र बुंध्यावर हात ठेवून बसून राहिले. हळूच म्हणाले, "बरं होत होतं गं."

म्हणून विनंती आहे. या बाजूला एखादं जांभूळ दिसलं, खोडाला जखम आहे पण तिच्या कडा फुगून आत सरकताहेत, तर कोयता चालवू देऊ नका. साल स्वतः काढू नका, रोगही सोबत जातो. फक्त जव्हारला सरांकडे निरोप धाडा. बहर यायच्या आत धाडा. पेढे सर घेऊन येतील.