गोड हसणाऱ्या खुन्याचं कौतुक

थू! त्या मालिकेचा विषय निघाला की मी आजही उठून जाते. एक देखणा, गोडबोल्या माणूस दर भागात एका बाईला बोलण्यात गुंतवतो आणि मारून टाकतो, एवढीच तिची गोष्ट. ती आम्ही चार रविवार चवीनं पाहिली. जुन्या जालन्यातल्या माझ्या घरी, दुपारच्या, भुईमुगाच्या शेंगा फोडत.

भाचीचं, भावाच्या लेकीचं, लग्न ठरलेलं होतं. ती माझ्याकडेच राहून शिवणाचा क्लास करायची. खरेदीच्या निमित्तानं भाऊ-वहिनी दर रविवारी हसनाबादहून यायचे आणि जेवणं झाली की टीव्हीपुढं बैठक.

"मेला हसतो किती गोड!" वहिनी म्हणायची.

भाऊ चिडायचा तो मरणाऱ्या पोरीवर. "ही कशाला बसली त्याच्या गाडीत? अक्कल न्हाई का?"

आणि मी? मी म्हणाले, "काही म्हणा, माणूस टापटीप आहे. नाहीतर आमच्या हापिसातली ध्यानं बघा." हसलो सगळे. भाची तेवढी आमच्याकडं बघत होती. गळा आवळायचा प्रसंग लागला तशी ती उठून आत गेली. वहिनी म्हणाली, भित्री भागुबाई!

नवरदेव टेंभुर्णीचा. आला की वाकून पाया पडायचा, आत्या आत्या करायचा. गाडीतून रसवंतीवर नेतो म्हणाला की मीच भाचीला पाठवायचे. "जा गं, असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळणार न्हाई."

मग बस्त्याचा दिवस आला. दोन्हीकडची माणसं कापड दुकानात गादीवर बसली. आमच्याकडं एकदा बस्ता बांधला की लग्न मोडायचं नाव कुणी काढत नाही. भाचीनं मोरपंखी शालूवर हात ठेवला. "आत्या, तुम्हीच सांगा, हिला हिरवा जास्त खुलंल ना?" नवरदेव माझ्याकडं बघून हसत म्हणाला. मी काठ बघायला शालूचा पदर उचलला, तर खाली त्यानं तिच्या दुसऱ्या हाताचं मनगट पिरगाळून धरलेलं. बांगडी पिचली. त्याचं हसू काही हललं नाही.

"हिरवाच घ्या," भाची म्हणाली.

पाणी पिऊन येऊ म्हणून मी तिला जिन्यापाशी नेलं. बाही वर केली. दंडावर जुने, पिवळे पडलेले डाग होते.

"कधीपासून?"

"सुपारी फुटल्यापासून. गाडीत."

"मंग बोलली का न्हाईस गं, बाई?"

"कुणाला बोलू? तुम्ही समदे त्या खुन्याला पाहून राह्यल्ते, अन् मी तुम्हाला. आईला त्याचं हसू गोड वाटलं. तुला..." तिनं बाही खाली ओढली. मला स्वतःचीच किळस आली.

परत आले तर दुकानदार गाठोड्याला गाठ मारत होता. "सोडा ती गाठ!" मी ओरडले. "हे लग्न होत न्हाई."

"काय झालं, आत्या?" नवरदेव हसतच होता. त्याचे मामा उभे राहिले. वहिनीनं माझा हात धरला, "अवो ताई, चारचौघांत काय हे! इतका हसतमुख पोरगा..."

भाचीनं न बोलता बाही वर केली आणि हात साड्यांच्या ढिगावर ठेवला. वहिनीनं माझा हात सोडला.

भावानं ते डाग पाहिले. त्याचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता हा त्या पोराची गचांडी धरतो. पण तो वळला लेकीकडं.

"तू कशाला बसायचीस त्याच्या गाडीत?"

माझा हात त्याच्यावर उठलाच होता. पण हेच वाक्य तो माझ्या घरात बोलला, तेव्हा मी शेंगा फोडत मान डोलावली होती.