सुकलालच्या घरचे टेकू

स्क्रूड्रायव्हर स्लॅबमध्ये बोटभर आत गेला. फिरवला, तर भुरभुर वाळू खाली आली. मंगलाबाई पटकन परात घेऊन आल्या आणि मी खुर्चीवर उभा होतो तिथे खाली धरून राहिल्या. घर नुकतंच सारवल्यासारखं स्वच्छ होतं, वर पांढराशुभ्र चुना मारलेला. परात भरत चालली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"भाऊ, काय जयं?" त्या म्हणाल्या.

मी कंत्राटदाराकडे पाहिलं. जयंतीभाई दारात उभा राहून सुपारी कातरत होता.

"हे काय आहे?"

"भीनुं छे साहेब. सुकाई जशे."

"सुकणार नाही जयंतीभाई, गळणार. कुणाच्या तरी डोक्यावर."

माझं काम सर्व्हेअरचं. आग लागली, पूर आला, काही फुटलं की विमा कंपनी मला पाठवते. किती नुकसान झालं, दुरुस्ती काय लागेल, ती नीट झाली का, हे पाहून रिपोर्ट द्यायचा. नव्वदच्या दशकात सुरतेत कामाला तोटा नव्हता. मूळचा मी धुळ्याचा, घरी आई अहिराणी बोलायची. त्यामुळे उधन्यातल्या खानदेशी वस्तीत मी 'साहेब' कमी आणि 'भाऊ' जास्त होतो. मला ते आवडायचं. पुढे पुढे त्याचीच भीती वाटायला लागली, कारण भावाकडून माणसं फार अपेक्षा धरतात.

सुकलाल पाटील अमळनेरकडचा. उधन्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर. कर्ज काढून एक खोली आणि स्वयंपाकघर एवढं रो-हाउस घेतलेलं. गॅसची नळी गळून स्वयंपाकघरात आग लागली आणि ती खोलीपर्यंत आली. माणसं वाचली, पण स्लॅब भाजून निघाला. काँक्रीट फार तापलं की त्याचा जीव जातो. वरून धड दिसतं, आतून भुसा. घराचा विमा आहे हे सुकलालला ठाऊकसुद्धा नव्हतं. कर्ज देताना बँकेनंच तो काढून ठेवला होता. मी सांगितलं तेव्हा त्याच्या बायकोनं, मंगलाबाईंनी, मला हात जोडले. म्हणाल्या, "देव पावला." लेक ज्योती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि तिला ह्याच खोलीत आणायचं होतं.

देव पावला खरा, पण मध्ये जयंतीभाई होता. बँकेची अट अशी की पैसे घरमालकाच्या हातात द्यायचे नाहीत, कंपनीच्या यादीतल्या कंत्राटदारानं काम करायचं. मी लिहून दिलं होतं, भाजलेला भाग तोडा, सळया साफ करा, तेवढा स्लॅब नव्यानं भरा. त्यानं काय केलं, तर काळं काँक्रीट तसंच ठेवून वर प्लास्टर थापलं आणि चुना मारला. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात!

मी काम नापास केलं. विमा कंपनीचे मॅनेजर देसाईसाहेब कुरकुरले, पण पुन्हा करायला लावलं.

दुसऱ्या वेळी मी स्वतः उभा राहिलो. सिमेंट ताजं, वाळू धुतलेली, सळया घासून लख्ख. खोलीभर लाकडी टेकू लागले. टेकू म्हणजे ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत खालून दिलेला आधार. स्लॅब भरून झाला आणि मी सहज एका टेकूवर हात ठेवला.

टेकू थरथरत होता.

दुसऱ्यावर ठेवला. तोही. मग भिंतीवर तळवा टेकला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारची दोन घरं रमणीकशेठनं विकत घेऊन मधल्या भिंती पाडल्या होत्या आणि आत लूम बसवले होते. भिंत दोघांत एकच. आवाज इतका सततचा की गल्लीत कुणाला तो ऐकूच येत नसे. मी आलो तेव्हा मलाही दहा मिनिटांत ऐकू येईनासा झाला होता. पण काँक्रीटला सवय होत नाही. ते सळईला धरू बघत असताना कोणी सतत हलवत राहिलं, तर ते धरतच नाही. पहिले तीन दिवस तरी त्याला निवांतपणा लागतो.

"लूम तीन दिवस बंद ठेवायला हवेत," मी म्हणालो.

"ए मारुं काम नथी," जयंतीभाई म्हणाला. एकदाच काय तो खरं बोलला.

मी तसाच शेजारी गेलो. शेठ गादीवर बसून कापडाचा ताका तपासत होते. एक काळा ठिपका सापडला म्हणून कारागिराला झापत होते. मी सगळं समजावून सांगितलं. शेठ माणूस वाईट नव्हता. माझ्यासाठी चहा मागवला.

"त्रण दिवस? आ लगनसरामां?" ते म्हणाले. "साहेब, पार्टीने शुं जवाब आपुं? एम करो, एने ज पूछो ने."

आणि त्यांनी आतून सुकलालला बोलावलं. हो, सुकलाल तिथेच कामाला होता. त्याच भिंतीला लागून असलेले लूम तोच चालवायचा. केसांत कापसाचे तंतू, कानांत बोळे. बोळे काढून समोर उभा राहिला.

"सुकलाल, मशीन बंध राखुं? तारो पगार बंध, आ बधानो पण बंध."

मागे दहाबारा जण काम सोडून बघत होते. सगळे त्याच्याच गावाकडचे, त्यातल्या निम्म्यांना ह्यानंच सुरतेला आणून लावलेलं. जेवढं कापड, तेवढा पगार. सुकलालनं मान खाली घातली.

"चालू राहू द्या शेठ."

"अरे, तुझा स्लॅब आहे तो!" मी ओरडलोच.

"चालू राहू द्या साहेब," तो मला म्हणाला. घरी मला भाऊ म्हणायचा. मग बोळे कानांत घातले आणि आत गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की बुक्क्या मारायलाही त्यालाच उभं केलं होतं.

मी देसाईसाहेबांकडे गेलो. म्हटलं, कारागिरांच्या बुडणाऱ्या पगाराचं काहीतरी बघा.

"पॉलिसी घराची आहे, लूमची नाही," ते म्हणाले.

"मग मी काम पास करत नाही."

"नका करू. घरमालकानं समाधान झालं असं लिहून दिलं की मला पुरे. तुम्ही फार मनाला लावून घेता हो."

मी मंगलाबाईंना बजावलं, "ताई, टेकू काढू देऊ नका. मी दुसऱ्या इंजिनिअरला घेऊन येतो, तोवर तर नाहीच."

"नही काढू देत, भाऊ," त्या म्हणाल्या.

पण ज्योतीचे दिवस भरत आले होते. खोलीत टेकूंचं जंगल, खाट ठेवायला जागा नाही. सासरचे विचारू लागले, पोरीला ठेवणार कुठे? जयंतीभाईनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. म्हणाला, समाधानाच्या कागदावर सही कर, उद्या टेकू काढतो. सुकलालनं सही केली. मी इंजिनिअरला घेऊन गेलो तेव्हा खोली मोकळी होती. खाट मांडलेली, वर झोळीसाठी दोरी बांधून ठेवलेली. वर पुन्हा पांढराशुभ्र चुना. आम्ही दोघांनी सांगितलं, ह्या खोलीत झोपू नका. सुकलाल म्हणाला, "मग कुठे झोपू, भाऊ?"

 

ज्योती दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दोघींना घरी आणायचं होतं. मंगलाबाई दुपारी खोली शेकायला शेगडी पेटवत होत्या, तेव्हा नवा भरलेला तुकडा सळया तशाच ठेवून खाली आला. अर्धा खाटेवर, अर्धा त्यांच्या कमरेवर. शेजारणींनी बाहेर काढलं. खुबा मोडला होता. पुढे त्या कुबडीशिवाय चालल्या नाहीत. ज्योती बाळाला घेऊन दवाखान्यातून परस्पर सासरी गेली.

नवा क्लेम आला आणि कंपनीनं मलाच पाठवलं. आग नाही, पूर नाही. कामाच्या दोषानं पडलेला स्लॅब विम्यात बसत नाही. मी तसं लिहिलं. लिहिताना स्वतःच्या अक्षराचा राग आला, पण खोटं लिहून ते टिकलं नसतं.

सुकलाल उंबऱ्यावर बसला होता.

"मी भिंतीपलीकडेच व्हतू, भाऊ," तो म्हणाला. "माले ऐकूच नही उनं."

तो हे अगदी हळू बोलला आणि तरी मला नीट ऐकू आलं. तेव्हा कुठे ध्यानात आलं की गल्लीत शांतता आहे. भिंतीला तळवा लावला. भिंत गार आणि स्थिर.

मी शेजारी गेलो. लूमवर चादरी टाकलेल्या, शेठ एकटेच गादीवर.

"धूळ बहु आवे छे, साहेब," शेठ म्हणाले. "एमनो मलबा उचलायचाय ना. धूळ कापडावर बसते, मालने डाघ लागे. त्रण दिवस बंध राख्युं छे."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी न पिताच उठलो.

तेव्हापासून दुरुस्ती बघायला गेलो की हत्यारं काढण्याआधी मी भिंतीला तळवा लावतो. पलीकडे काय चालू आहे ते कळतं. ते बंद करणं आपल्या हातात नसतं, हेही आता कळतं.